चालू स्थितीत

मामांचं घर नांदेडात तरोडा नाक्याच्या पुढं आहे. दारात चपला काढाव्या लागतात, त्यात नवल नाही. नवल हे, की ओसरीतून मागच्या खोलीत शिरताना पाय पुन्हा एकदा पायपुसण्यावर घासावे लागतात. त्या खोलीत कॉम्प्युटर आहेत. देवघर अलीकडच्या खोलीत आहे, पण तिथं एवढी कडक शिस्त नाही.

मामांनी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे सहायक म्हणून जन्म काढला. ते नोकरीला लागले तेव्हा लॅब म्हणजे गाभाराच होता. बाहेर चपलांचा ढीग, आत एसी, आणि प्रत्येक मॉनिटरला झालर लावून शिवलेलं कव्हर. एसी पोरांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. पोरं प्रसाद म्हणून थंड व्हायची. पुढं 2001 साली एमएस-सीआयटी आली, गल्लोगल्ली इन्स्टिट्यूट निघाले आणि माणसं बुटासकट कॉम्प्युटरसमोर बसू लागली. मामांनी ते बघितलं, पण मानलं नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी जो उद्योग काढला त्याला नाव नाही. लोकांच्या माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर मागून आणायचे, दुरुस्त करायचे आणि ज्या घरात शिकणारं लेकरू आहे पण मशीन नाही, तिथं नेऊन बसवायचे. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर तर नाहीच. एक जाड वही आहे, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘जडसंग्रह नोंदवही’ असं लिहिलंय. सरकारी दप्तरात वस्तू कामातून गेली की तिचं ‘निर्लेखन’ होतं. मामांच्या वहीत निर्लेखनाचा रकानाच नाही. त्या जागी रकाना आहे ‘स्थळ’.

देणाऱ्यांबद्दल मामांचं मत फारसं बरं नाही. ‘माणूस कॉम्प्युटर देत नसतोय, माळ्यावरची जागा मोकळी करून घेत असतोय,’ असं ते म्हणतात. फोनवर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो.

‘चालू स्थितीत आहे मामा. फक्त सुरू होत नाही.’

एकानं रॅम आणि हार्ड डिस्क काढून घेतली आणि रिकामा डबा धाडला. मामांनी फोन लावला, ‘ह्याच्यात काय राहिलंय हो?’ तर म्हणे, ‘आठवणी आहेत, मामा.’ दुसऱ्यानं नुसता गोळीचा माउस दिला आणि वर विचारलं, पेपरात कधी येईल? फोटो मागणाऱ्यांसाठी मामांनी एक नियम केलाय. फोटो जरूर काढायचा, पण मशीन चालू असताना, पडद्यावर उजेड दिसला पाहिजे. फोटोच्या हौसेपायी तीन जणांनी पदरचा पैसा घालून मशीन दुरुस्त करून आणलंय. दानाची प्रेरणा शोधणाऱ्या विद्वानांनी तरोडा नाक्याला एक चक्कर मारावी.

या सगळ्यात मामींचं काय होतं ते मामा वहीत लिहीत नाहीत. पलंगाखाली कॅबिनेट, तांदळाच्या कोठीमागं कीबोर्ड, शिलाई मशीनवर दोन मॉनिटर. मामी एका मेलेल्या कॅबिनेटवर बसून ज्वारी निवडतात. मी एकदा सहज म्हटलं, मामी, बरंच सामान झालंय. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, ‘ह्या घरात चालू स्थितीत मी एकटीच हाय.’

मामांशी माझी ओळख झाली ती माझ्याच मशीनमुळं. तो नऊ वर्षांचा कॉम्प्युटर मी भंगारवाल्याला द्यायला काढला होता. भंगारवाला किलोवर घेतो. वजन वाढावं म्हणून बायकोनं जुना मिक्सरही आणून ठेवला होता. मामा कुठून कळून आले देव जाणे. आले ते सरळ ओसरीत फतकल मारून बसले. माळेगावच्या जत्रेत बैल घेणारा जसा आधी दात बघतो, मग वशिंडावर हात फिरवतो, तसा त्यांनी त्या डब्यावरून हात फिरवला, मागचे दोन स्क्रू बोटानंच सोडवले आणि बाजूचं पान काढलं. आत गोधडीएवढी धूळ होती.

‘नऊ वर्षांत एकदा तरी अंघोळ घातली का हो ह्याला?’

मी गप्प. मामांनी वायर लावून बटण दाबलं. मशीन नुसतं टूं-टूं करत राहिलं. मामा डोळे मिटून नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे ऐकत होते. ‘सारखं टूं-टूं म्हणजे रॅम. एक लांब, दोन आखूड असतं तर डिस्प्ले.’ मग शर्टाच्या खिशातून त्यांनी काय काढावं? शाळेच्या पोरांचा खोडरबर. रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर चार वेळा घासला, फुंकर मारली, पट्टी पुन्हा खटकन बसवली. मशीन सुरू. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदारानं ‘बोर्ड गेलाय, नवीनच घ्या’ म्हणून सांगितलं होतं आणि मी नवीन घेतलंही होतं. हे मी मामांना सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं.

पडद्यावर तारीख आली 1 जानेवारी 2009. ‘आतला सेल गेलाय,’ मामा म्हणाले. रुपयाच्या नाण्याएवढा सेल, वीस-तीस रुपयांचा. तो संपला की मशीन साल विसरतं, आणि तारीखच चुकली म्हटल्यावर इंटरनेटवरच्या निम्म्या साइट त्याला दारात उभं करत नाहीत. ‘तुमच्या मशीनला वाटायलंय की अजून 2009च चालू हाय.’ आमच्या गल्लीत अशी चार माणसं आहेत, पण त्यांचा सेल कुठं मिळतो ते मामांनाही माहीत नाही.

मशीन नेण्याआधी देणाऱ्याला शेजारी बसवून हार्ड डिस्क पुसायची, हा मामांचा दुसरा नियम. फाइल डिलीट केली म्हणजे पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका फाटते, धडे आत तसेच राहतात, असं ते समजावतात. म्हणून डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहायची. त्याला दोन-तीन तास लागतात. तेवढा वेळ मी बसून होतो. एक टक्का, दोन टक्के, मतमोजणी बघावी तसा. बासष्ट टक्क्यांना चहा झाला. माझ्या दोन अपुऱ्या कादंबऱ्या आणि गृहकर्जाचं एक लांबलचक कोष्टक शून्यात गेलं. साहित्याचं नुकसान झालं असं कुणीही म्हटलं नाही.

मग मामांनी त्यात लिनक्स मिंट टाकलं. मामा त्याला पुदिना म्हणतात. जुन्या मशीनला विंडोज पचत नाही, पुदिना पचतो. पैसेही पडत नाहीत. त्यातून जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातली की, मामांच्या शब्दांत, ‘म्हातारं बी उड्या मारतंय.’

मामांचा सुगीचा काळ आला 14 ऑक्टोबर 2025 नंतर. त्या दिवशी कंपनीनं विंडोज 10 चा नेहमीचा सांभाळ थांबवला. पुढचं विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनला सहसा घेत नाही. ठणठणीत मशीन, पण पिढी सहावी नाहीतर सातवी. मामा कडाडले, ‘म्हंजे आठवी नापास म्हणून घराबाहेर काढायलाव का?’ आणि ज्या गावानं अख्ख्या महाराष्ट्राला मार्क मोजायला शिकवलं त्या लातुरातच असली नापास मशीनं जास्त निघणार, असा त्यांनी हिशेब केला. हिशेब बरोबर निघाला. एका क्लासवाल्यानं सहा मशीनं काढली होती. आम्ही दोघं गेलो. मामांनी आधी गंजगोलाईत जाऊन सेल घेतले. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. मामा ज्यानं आत गेले त्यानं बाहेर आले नाहीत आणि मी अर्धा तास भलत्याच तोंडाशी उभा राहिलो.

चार मशीनं टेम्पोनं मागून येणार होती. दोन मामांना परक्याच्या हाती द्यायची नव्हती. लातूर-नांदेड एसटीत खिडकीला मामा, मांडीवर सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक मशीन, दुसरं माझ्या मांडीवर. चाकूर जाईपर्यंत कंडक्टर आला.

‘काय हाय मामा त्याच्यात?’

‘पेशंट हाय. नांदेडला न्यायलोय.’

‘मग पेशंटचं तिकीट काढा की.’

‘पाच वर्षांच्या आतलं असतंय की फुकट.’

‘दाखवा बरं.’ कंडक्टरनं चादर उचलली, मागचं लेबल वाचलं. ‘हे तर 2017 चं हाय. अर्धं तिकीट पडतंय.’

अख्खी गाडी हसली. लगेजची पावती मात्र त्यानं फाडलीच. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तोच कंडक्टर खाली उतरून हळूच म्हणाला, ‘मामा, माझी पोरगी अकरावीला हाय.’ मामांनी तिथंच वही काढली आणि स्थळाच्या रकान्यात त्याचा नंबर लिहून घेतला.

माझ्या मशीनचं स्थळ लोह्यात निघालं. गवंडीकाम करणारा बाप, बारावीची पोरगी, एक धाकटा भाऊ. 2019 पासून जेईई मेन काय आणि आपली सीईटी काय, कॉम्प्युटरवरच असते. पोरीला भौतिकशास्त्र येतं, माउस येत नाही; खरा माउस हातात पडतो तो थेट परीक्षेच्या खोलीत, आणि तिथं बाण एका जागी धरण्यातच पहिली दहा मिनिटं जातात. मामांचा सगळा उपद्व्याप त्या दहा मिनिटांसाठी आहे. तरी त्यांनी गवंड्याची तपासणी सोडली नाही.

‘पत्रे गळत्यात का? लाइट किती वेळ जाते? पाव्हणा आला अन् ह्याच्यावर पिक्चर लाव म्हणला तर काय करचाल?’

गवंड्यानं उपरण्यानं कपाळ पुसलं. ‘सोयरीक जमवताना बी एवढं कुणी इचारलं नव्हतं, मामा.’

दिवाळीनंतर लोह्याला काम निघालं म्हणून मी सहज त्या घराकडं वळलो. हातात मिठाईचा पुडा. दार उघडंच होतं. पत्र्याच्या खोलीत एका कोपऱ्यात माझं मशीन, त्याला जुन्या लुगड्याचं झालर लावलेलं कव्हर, आणि समोर पोरगी पाठमोरी, सराव परीक्षेत गढलेली. कॅबिनेटवर माझ्या मुलीनं पहिलीत चिकटवलेलं मांजराचं स्टिकर अजून तसंच होतं. मी कौतुकानं पुढं पाऊल टाकलं, तेवढ्यात धाकटा आडवा आला. वय फार तर सात.

‘काका,’ तो माझ्या पायाकडं बघत म्हणाला, ‘चपला.’