लिनक्सवाला गडी

वाईपासून हरिपूरपर्यंत कृष्णाकाठानं निघालात, तर हल्ली गावागणिक एखादा तरी लिनक्सवाला भेटतो. साधा नव्हे. तसले पूर्वीही होते. इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काळ्या पडद्यावर अक्षरं बडवत बसायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा नवा गडी लिनक्सवर गेम खेळतो. निदान तसं सांगतो.

मित्रांना पटवताना त्याचा पहिला मुद्दा असतो, ‘लिनक्स फुकट आहे.’ या मुद्द्याचं आपल्याकडे काही होत नाही. पीसी जोडून देणाऱ्या दुकानदारानं विंडोज ‘टाकून दिलेलं’ असतं, आणि त्याचे पैसे असतात हेच निम्म्या गावाला ठाऊक नसतं. मित्र म्हणतात, ‘भावा, आमचंबी फुकटच हाय की.’ मग हा दुखावतो. ‘तुमचं चोरीचं. माझं हक्काचं.’ एवढं बोलून कोपऱ्यात आकडा दिसतो का ते बघायला वळतो. तो आकडा म्हणजे सेकंदाला किती फ्रेम पडतात त्याचा. समोर राक्षस तलवार उगारून उभा असला तरी याची नजर तिथंच. राक्षस मुंडकं उडवतो. ‘मेलो ते सोड, साठाखाली आला का बघ!’

गेम विंडोजसाठी लिहिलेला, मग लिनक्सवर चालतो कसा, असं चुकून विचारू नका. सांगलीकर असेल तर तो थेट 1843 सालापासून सुरू करतो. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं तेव्हापासून आपल्या गावाला सोंग नवीन नाही, असं त्याचं म्हणणं. गडी लुगडं नेसून सीता व्हायचा आणि प्रेक्षक हात जोडायचे. तसं 1993 पासून ‘वाइन’ नावाचा प्रकल्प विंडोजचा स्त्रीपार्ट करतोय. त्यावरच 2018 च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं ‘प्रोटॉन’ आणला. गेम हाक मारतो, ‘विंडोज आहे का घरात?’ प्रोटॉन पदर सावरत म्हणतो, ‘आहे की, बोला.’ गेमला कळतसुद्धा नाही. एल्डन रिंगसारखा अवाढव्य गेम असा फसतो, हे मात्र मान्य करायला हवं; कामगिरी थोर आहे.

अडतं ते चोर पकडणाऱ्यांपाशी. ऑनलाइन गेममध्ये कुणी लबाडी करू नये म्हणून राखणदार बसवलेले असतात. व्हॅलोरंटचा राखणदार व्हॅनगार्ड प्रेक्षकांत बसत नाही, थेट रंगपटात शिरतो. सिस्टीमच्या पार गाभ्यापर्यंत. तिथं सोंग चालत नाही. 2024 च्या सप्टेंबरात जीटीए ऑनलाइनलाही असाच राखणदार आला आणि लिनक्सवाल्यांना दार बंद झालं. तेव्हा आमच्या गड्यानं दोन दिवस मित्रांचे फोन उचलले नाहीत. तसं त्याच्याकडे काउंटर-स्ट्राइक 2 आहे, तो लिनक्सवर सरळ चालतो. पण मित्र रोज रात्री व्हॅलोरंटलाच बसतात. हा म्हणतो, ‘गाभ्यात शिरणारं सॉफ्टवेअर माझ्या तत्त्वात बसत नाही.’

साताऱ्याकडचा वाण जरा वेगळा. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथला गडी मिंटसारखी सोपी आवृत्ती घेईल कशी? तो आर्च घेतो, आणि सगळं हातानं बसवतो. माऊस धरणं त्याला कमीपणाचं वाटतं. ऐन अपडेटात लाईट जाते, सकाळी मशीन उठत नाही. त्याचा चेहरा त्या दिवशी जितका खुललेला असतो, तितका गेम जिंकूनही खुलत नाही. आई विचारते, ‘बिघडला का रे?’ ‘नाही गं, शिकतोय.’ सांगलीवाल्याला हे कळत नाही. चाललं की झालं, उरलेल्या वेळात भडंग खाऊ, हा त्याचा बाणा.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार संपला आणि गड्याला धर्मप्रसाराचा मोसम लाभला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, जुन्या मशीनमध्ये ते नसतं. म्हणजे नात्यातले सगळे जुने कॉम्प्युटर याचेच. पहिला बळी काका. मार्केट यार्डात हळदीची अडत. गड्यानं रविवारी सगळ्या फायली नीट काढून ठेवल्या, मिंट बसवलं, पडद्यावर कृष्णेच्या घाटाचं चित्र लावलं.

सोमवारी सौदे सुरू व्हायच्या आत फोन. ‘टॅली कुठं गेली?’

‘काका, टॅली लिनक्ससाठी येत नाही. पण चांगलं कार्ड टाकलं तर यावर एल्डन रिंग...’

‘आरं, त्यात हळदीची पट्टी निघती का?’

गडी धावत गेला. दिवाणजींनी तोवर कपाटातली लाल वही काढून धूळ झटकली होती. कुणी काही म्हणायच्या आत यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. ‘विंडोज आहे. अडीनडीला असावं म्हणून ठेवतो.’

काकांनी चष्म्यावरून बघितलं. ‘म्हंजे तुझ्या मशीनवरबी हायच?’

‘एका कोपऱ्यात,’ गडी म्हणाला. ‘व्हॅलोरंटपुरतं.’