अमेरिकेला निघालेल्यांनी अंजनगावातच कसं राहावं

अंजनगाव सुर्जीत आणि आसपासच्या खेड्यांत असे बरेच आईबाप सापडतात, की मुलानं पाठवलेल्या मोठ्या बॅगा घरात येऊन पडल्या आहेत, त्यांत चादरी आणि लग्नातले शालू जाऊन बसले आहेत, आणि व्हिसा तेवढा यायचा आहे. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी. पूर्वानुभव नसला तरी चालेल. तो मिळवायला वेळ भरपूर मिळणार आहे.

लागणारं साहित्य : प्लास्टिकची बटणवाली फाइल, पासपोर्ट आकाराचे नव्हे तर अमेरिकी मापाचे म्हणजे दोन इंच बाय दोन इंचाचे फोटो, मुलाच्या वेळेप्रमाणे चालणारं एक जास्तीचं घड्याळ, आणि गावाला द्यायची तीन-चार उत्तरं. उत्तरांकडे नंतर येऊ.

आधी रीत समजून घ्या. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेली असली, की आईवडिलांसाठी आय-130 नावाचा अर्ज करता येतो. नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आईवडिलांसाठी काही करता येत नाही, हे सोयरिकीच्या वेळी कोणी सांगत नाही. अर्ज मंजूर झाला की कागद न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातात. तिथे फी भरायची, मुलानं आपली कमाई दाखवायची, तुम्ही जन्माचे, लग्नाचे, पोलिसांचे दाखले चढवायचे. सगळं पसंत पडलं, की मुंबईच्या कॉन्सुलेटमधून मुलाखतीची तारीख. ते ऑफिस 2011पासून बीकेसीत आहे. जावयाचे मामा तुम्हाला ब्रीच कँडीचा जुना पत्ता आणि समोरच्या इराण्याचा चहा सांगतील. मान डोलवा. लिहून घेऊ नका.

आता मुलगा फोनवर एक वाक्य हमखास म्हणेल : "बाबा, पॅरेंट्सना रांगच नसते." हे खरं आहे. नागरिकांच्या आईवडिलांच्या व्हिसाला वर्षाची संख्या ठरलेली नाही. भावंडांची रांग पाहा, तिथे भारतीयांसाठी 2006 सालच्या अर्जांपाशी गाडी घुटमळते आहे. ज्या मामांनी तेव्हा अर्ज लावला ते नोकरीतून निवृत्त होऊन देवस्थानच्या ट्रस्टवरही येऊन गेले. तुम्हाला रांग नाही. तुम्हाला फक्त थांबायचं आहे.

मूर्तिजापूर-अचलपूर या शकुंतला नावाच्या संथ आगगाडीच्या मार्गावर ज्यांचं बालपण गेलं त्यांना हा भाग शिकवावा लागत नाही. इतरांनी सराव करावा.

उशीर कुठून येतो

नवशिक्यांचा पहिला समज असा, की उशीर अमेरिकेत होतो. कधी कधी होतोही, आणि न सांगता होतो. मार्च 2020मध्ये कोविडमुळे जगभरची नेहमीची व्हिसा कामं बंद पडली. एप्रिलमध्ये कायमचं येणाऱ्यांना थांबवणारा तिथल्या अध्यक्षांचा हुकूम निघाला. त्यातून नागरिकांची बायको, नवरा आणि लहान मुलं सुटली, आईवडील अडकले. तो हुकूम फेब्रुवारी 2021मध्ये मागे घेतला गेला, पण तोवर साचलेल्या कागदांचा ढीग उपसायला पुढे बराच काळ गेला. असल्या उशिरावर इलाज नाही. बातम्या बघा, पण रात्री बघू नका.

माझं मत विचाराल तर मोठा उशीर आपल्या लोखंडी कपाटात आधीच तयार असतो. तो आपण साठ-सत्तर वर्षं सांभाळून ठेवलेला असतो.

उदाहरण म्हणून 1954च्या आगेमागे अंजनगावात जन्मलेला एक बाप घ्या. त्याचा जन्म घरी झाला. गावच्या कोतवालानं तो नोंदवला, आणि त्या कोतवाल बुकाची नक्कल तहसीलमधून मिळते. ती मिळाली की घरात आनंद होतो, तो वाचेपर्यंत टिकतो. नोंदीत आजोबांचं नाव असतं, जात असते, तारीख असते, आणि बाळाच्या जागी नुसतं 'मुलगा'. नाव बारशाला ठेवलं, कोतवाल त्याआधीच नोंद करून मोकळा. आता त्या घरात मुलगे चार. मुंबईतल्या साहेबाला हा मुलगा तोच, हे पटवायचं कसं?

मग शाळेचा दाखला काढायचा. त्यावर जन्मतारीख 1 जुलै. त्या काळच्या गुरुजींनी वर्गातल्या अर्ध्या पोरांना हीच तारीख बहाल केली होती, उरलेल्यांना 1 जून. कोतवाल म्हणतो फाल्गुन, गुरुजी म्हणतात जुलै, आधार कार्ड गुरुजींच्या बाजूनं, आई म्हणायची पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. आई आता नाही, आणि असती तरी प्रतिज्ञापत्र तिनं फाडून टाकलं असतं.

जन्मस्थळाचंही तेच. पासपोर्टवर 'अंजनगाव', शाळेत 'सुर्जी', नगरपालिकेत 'अंजनगाव सुर्जी'. बडनेऱ्याजवळ अंजनगाव बारी वेगळंच आहे, ते दूरच्या माणसाला माहीत नसतं. इतिहासात हेच गाव उलटं 'सुर्जी अंजनगाव' म्हणून गेलं. 29 नोव्हेंबर 1803ला अडगावची लढाई, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, आणि 30 डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी इथे तहसुद्धा झाला. अवघा महिना! एवढ्या दिवसांत हल्ली नाव-दुरुस्तीच्या अर्जावर आवक क्रमांकही पडत नाही.

राज्य कोणतं लिहायचं? 1954 साली हे गाव मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. 1956ला मुंबई राज्यात गेलं, 1960ला महाराष्ट्रात. ज्यानं घरचा ओटा सोडला नाही तो माणूस सहाव्या वर्षापर्यंत तीन राज्यं फिरला. फॉर्मवर 'महाराष्ट्र' लिहा आणि पुढे चला.

आईच्या कागदांकडे जाताना आधी चहा घ्या. माहेरी तिचं नाव एक, सासरी उखाण्यात आलं ते दुसरं, आडनाव बदललं, मधलं नावही बापाचं जाऊन नवऱ्याचं आलं. शाळेच्या दाखल्यावरच्या मुलीचा आणि पासपोर्टवरच्या बाईचा एकही शब्द जुळत नाही. आपल्याकडे यात कोणाला काही खटकत नाही. लग्नाची पत्रिका दाखवली की सगळे समजतात. तिकडे हा थेट दोन माणसांचा मामला होतो.

यावर काम देणारी कृती एकच. एका कोऱ्या कागदावर घरातल्या प्रत्येकाची सगळी नावं, सगळ्या तारखा आणि गावाच्या सगळ्या रूपांचा तक्ता करा; कोणत्या कागदावर काय आहे ते समोर लिहा. 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र त्यावरून करून घ्या. जन्माची नोंद सापडत नसेल तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला मागा, आणि सोबत शाळेचा दाखला व वडीलधाऱ्या नातलगांची शपथपत्रं जोडा. हे सगळं अर्ज करण्याच्या आधी करा. म्हणजे तीन वर्षांपूर्वी.

आता नवा जन्मदाखलाच काढतो, असं कोणी म्हणेल. 2025च्या जानेवारीत बोगस दाखल्यांच्या आरोपांवरून राज्य सरकारनं उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणं थांबवलं. त्या बातम्यांत आपल्या गावाचंही नाव होतं. मार्चमध्ये नवी, कडक पद्धत आली. तपास व्हायचा तो होवो, पण सत्तरीतले म्हातारे मधल्या काळात तहसीलच्या बाकावर बसून होते, आणि बाकही एकच होता.

गावाला उत्तर देणे

बसस्टँडवरून घरापर्यंत येताना सरासरी माणसाला पुढील प्रश्न येतात.

"काय भाऊ, गेले नाई का अजून अमेरिकेले?"

"पोराचं काई बिनसलं काय?"

"सूनबाईच नाई म्हणत असन."

नवशिके इथे चूक करतात, म्हणजे खरी माहिती देतात. 'नॅशनल व्हिसा सेंटरनं डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड केलं आहे' असं सांगितलं, की समोरचा सहानुभूतीनं खांद्यावर हात ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत तुम्हाला काहीतरी आजार झाल्याचं देवनाथ मठापर्यंत कळतं. त्यापेक्षा "संत्रा निघाला की जातो" हे उत्तर वापरा. ते वर्षभर चालतं. आंबिया बहार निघाला तर मृगाचा बाकी असतो.

पर्यटक व्हिसावर जाऊन या, असा सल्ला देणारेही भेटतील. तुमच्याकडे आधीचा दहा वर्षांचा असला तर प्रश्न वेगळा, तरी विमानतळावर विचारपूस होऊ शकते. नव्यानं काढायला गेलात तर 'मी नक्की परत येणार' हे खिडकीपलीकडच्या साहेबाला पटवावं लागतं, आणि त्याच्या संगणकावर तुमच्याच नावानं 'कायमचे येणार' असा अर्ज पडलेला असतो.

सुनेच्या बाळंतपणासाठी लवकर करा म्हणून विनंती करावी का? कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर तसा अर्ज करता येतो. बाळंतपण त्यात बसत नाही. ज्या नातवासाठी तुम्ही डिंकाचे लाडू वळायला घेतले होते तो आता व्हिडिओ कॉलवर तुम्हाला इंग्रजी शिकवतो, हे मान्य करून टाका.

आईचं आलं, बाबांचं अडकलं

या धड्याकडे नीट लक्ष द्यावं, कारण तो कोणी आधी सांगत नाही. आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा. चाळीस-पन्नास वर्षं एका शिधापत्रिकेवर काढलेली जोडी इथे दोन नंबरांत विभागली जाते, आणि दोन नंबर एका चालीनं चालतीलच असं नाही. कोतवाल बुकातल्या 'मुलगा' या शब्दावर वडील अडकतात आणि आईची मुलाखत होऊन जाते.

किंवा दोघं मेडिकलसाठी मुंबईला बरोबर जातात आणि वडिलांच्या छातीच्या फोटोत जुना डाग निघतो. मग तीन दिवस थुंकीचे नमुने, आणि त्यांच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत. डाग कधीचा? वडील म्हणतात, शिक्षक असताना खोकला व्हायचा. आई म्हणते, विडी.

आईच्या हातात व्हिसा येतो तो साधारण सहा महिन्यांचा, मेडिकलच्या मुदतीला बांधलेला. तेवढ्यात विमानात बसावंच लागतं. एरवी देवळातही एकटी न जाणारी बाई नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून नेवार्क अशी निघते, आणि चूल बापाच्या हाती येते.

बापासाठी सूचना : कुकरच्या शिट्ट्या मोजा, तीन पुरे. ज्वारीची भाकर पहिल्या आठवड्यात जमणार नाही. शेजारच्या वहिनी देतील, पण रोज घेऊ नका, त्यातून वेगळ्या बातम्या निघतात. ठेचा जमतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. डब्यांवर आईनं चिठ्ठ्या लावल्या आहेत असं ती सांगून गेली, पण चिठ्ठ्या तिच्या हिशेबानं आहेत : 'तिखट, जुनं', 'तिखट, पाहुण्यांचं', 'हे उघडू नये'. रात्री साडेआठला फोन येईल. ती विचारेल, जेवलात का. काय जेवलात ते तपशिलात जाऊ नका.

या काळात बाप दुःखी दिसतो, पण त्याचं सगळं दुःख खरं मानू नये. ग्रीन कार्ड मिळालं की वर्षभराहून जास्त अमेरिकेबाहेर राहिलं तर ते धोक्यात येतं, हे त्यानं वाचलेलं आहे. म्हणजे दरवर्षी जाणं. म्हणजे डिसेंबरात बागेचं पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा आणि जानेवारीत कोण सोडणार ते ठरवायचं. भाच्यावर सोपवलं तर तो पाणी द्यायचं तेव्हा मोबाइल बघतो. पानपिंपरीचा मळा तर भाच्याच्या बापालाही जमला नाही. मुलाखतीचं पत्र आलं नाही असं मुलाला कळवताना बापाचा आवाज पडतो, आणि फोन ठेवला की तो बागेत जातो. जाताना चालतो मात्र झपझप. हे मुलांना सांगायचं नसतं. आईला ठाऊक असतंच.

देखभाल

कागद शिळे होतात. मेडिकलची मुदत संपते, पोलिसांचा दाखला जुना होतो, फोटोतला माणूस आणि खुर्चीवरचा माणूस यांत फरक पडत जातो. मुलाखतीनंतर 221-जी लिहिलेला कागद हातात पडला तर तो कायमचा नकार समजून घरी रडारड करू नका. बहुतेक वेळा एखादा कागद हवा असतो किंवा आणखी तपासणी चालू असते. कागद मागितला असेल तेवढाच द्या. सोबत मुलाच्या दहावीची गुणपत्रिका जोडू नका.

वर्षातून एकदा तरी व्हिसा सेंटरच्या खात्यात शिरून बघा किंवा त्यांना काही लिहा. वर्षभर काहीच हालचाल दिसली नाही तर प्रकरण बंद करायची नोटीस येऊ शकते. दसऱ्याला हत्यारांची पूजा करता, त्याच दिवशी लॉगिन करा, म्हणजे विसरत नाही. पासवर्ड मुलाकडे आहे. मुलगा तेव्हा झोपलेला आहे.

आणि तारीख आलीच तर

ती ऐन संत्र्याच्या सौद्यात येईल. व्यापारी बाग बघायला येणार तो आठवडा, चुलत पुतण्याचं लग्न, आणि अमरावती-मुंबई एक्सप्रेसला वेटिंग, सगळं एकत्र. बदलून मागण्याचा मोह होतो. मागू नका, पुढची कधी मिळेल याची खात्री कोणी देत नाही. अकोल्याहून दुसरी गाडी बघा, तत्काळ लावा, मेडिकलसाठी काही दिवस आधी मुंबईत पोचा, आणि ज्यांच्याकडे उतरणार त्यांना भांडंभर शेंगदाण्याची चटणी न्या.

सौदा निघण्याआधी करून टाका. थोडा दर तुटला तरी चालेल. खिडकीत साहेब मुलाचं नाव, काम, शेवटची भेट असं विचारतो. एवढंच विचारतो. झाडं किती, या वर्षी गळ किती झाली, व्यापाऱ्यानं शेवटी काय भाव दिला, हे तो विचारत नाही, आणि बापानं आपणहून सांगू नये. आईनं त्याला बीकेसीच्या फुटपाथवर दोनदा बजावावं. तिचा व्हिसा आधी झाला असेल, तर नेवार्कहून फोनवर.