कॅप्टनसाहेबांची फांदी

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाला ऊत येतो. पण ज्या अधिकाऱ्यांचा निकाल सैन्यानेच लावला, त्यांना कुणी काही सांगत नाही. पेन्शन सुरू झाली, मिशा अजून शाबूत, पुढे काय? अशांनी बेसिल लिडेल हार्ट या इंग्रज गृहस्थांचं चरित्र उशाशी घेऊन झोपावं.

पहिला धडा : हुद्दा आड येऊ देऊ नये. 1916 साली सोमच्या लढाईत विषारी वायूने त्यांना गाठलं, पुढे हृदयाने दगा दिला आणि 1927 साली ते कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाले. दुसरा कुणी बागेत गुलाब लावत बसला असता. यांनी 1925 सालीच 'डेली टेलिग्राफ'चे लष्करी वार्ताहर होऊन समस्त जनरलांचे पेपर तपासायला घेतले होते. जोडीला 1926 साली टेनिसपटूंवरही पुस्तक लिहून टाकलं. भाष्यकाराने विषयाचं सोवळं पाळू नये, हा उपधडा.

दुसरा धडा : दोन्ही दगडांवर पाय हवेत. रणगाड्यांच्या चपळ लढाईबद्दल त्यांनी फार लवकर लिहिलं, हे कबूल केलंच पाहिजे. पण पुढे 1937 साली युद्धमंत्री हॉर-बेलीशांचे ते सल्लागार झाले आणि तोवर साहेबांचं मत फिरलं होतं. आता म्हणे चढाई करणाऱ्यापेक्षा बचाव करणाराच वरचढ! 1939 साली त्यावर पुस्तकही आलं. मे 1940 मध्ये जर्मन रणगाडे निघाले आणि दीड महिन्यात फ्रान्स आडवा झाला. जर्मनांनी पुस्तक वाचलं नसावं.

आता तिसरा धडा, आणि खरी विद्या इथेच आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की कावळे मंडळी 'आमच्याच वजनाने' म्हणतात. लिडेल हार्ट यांनी थेट झाडाकडूनच तसं लिहून घेतलं. युद्धानंतर जर्मन जनरलांशी त्यांचं गूळपीठ जमलं. रणगाड्यांचे सेनापती गुडेरियन यांच्या आठवणी इंग्रजीत निघायच्या होत्या, तेव्हा आपल्या ऋणाचा एखादा परिच्छेद घालावा, असं साहेबांनी पत्राने सुचवलं. 1952 च्या इंग्रजी आवृत्तीत परिच्छेद हजर, मूळ जर्मन पुस्तकात मात्र त्याचा पत्ता नाही. 1968 साली कुणीतरी याबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर आलं की आपल्या फाइलीत आभाराच्या पत्राखेरीज काही नाही. खरंच नव्हतं. विनंतीचं ते पत्र गुडेरियन यांच्या दप्तरात निघालं. दरम्यान 1966 साली साहेबांना 'सर' ही पदवी मिळून गेली होती.

तेव्हा आमच्याकडच्या स्टुडिओतल्या निवृत्तांनी खचू नये. मे 2025 मध्ये एका रात्री काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकलं. सकाळी पाहतात तो बंदर जागच्या जागी, जहाजांची ये-जा चालू. यात लाजण्यासारखं काही नाही. बंदराच्या अधिकाऱ्यांना एक नम्र पत्र टाकावं : 'आपल्या पुढच्या अहवालात, त्या रात्री आपण बेचिराख झालो होतो, असा एखादा परिच्छेद घालता येईल का?'

पत्राची प्रत मात्र फाइलीत ठेवू नये.