बारामतीचा हात आणि माझी चामखीळ

आमच्या मोहन्यात लेझर म्हणजे वरातीतला. डीजे धडधडतो आणि समोरच्या इमारतीवर हिरव्या रेषा नाचतात. त्यामुळे मानेवरची चामखीळ लेझरने काढणार म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "आवाज फार होतो का हो?"

आंबिवली स्टेशनात फुकट सल्ले मिळाले. एक म्हणे, चुना लावा. दुसरा म्हणे, घोड्याचा केस बांधा. घोडा मिळणं कठीण, केस उपटू देणारा घोडा त्याहून कठीण. मग कल्याणचे त्वचारोगतज्ज्ञच सोपे वाटले.

त्यांचं यंत्र कार्बन डायऑक्साइड लेझरचं. सोडावॉटरमध्ये फसफसतो तोच वायू! याचे किरण त्वचेतलं पाणी शोषतं, ते क्षणात उकळतं आणि चामखिळीची वाफ होते. मानेवर लाल ठिपका पडतो तो नुसता नेम धरण्यापुरता. खरा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसतच नाही. बधिर करायची सुई टोचली तेवढीच. पुढे नाकाला जळक्या केसांचा वास आला आणि काम झालं. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बनवला कुमार पटेल यांनी. शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जन्म बारामतीचा. राज्यातल्या प्रत्येक घडामोडीमागे बारामतीचा हात असतो हे ऐकून होतो. माझ्या मानेपर्यंत तो पोचेल असं वाटलं नव्हतं.

हे ऐकून भाचा उठला. त्याच्या दंडावर एक नाव काळ्या शाईत आणि भोवती हिरवी वेल. नाव आता अडचणीचं झालेलं. "मामा, तुमच्याच लेझरने उडवू." पण तो पाणी ओळखतो, शाई नाही. गोंदण काढायला क्यू-स्विच्ड एनडी-याग लागतो. त्याचे क्षणभराचे झटके शाईचे कण फोडतात आणि ते शरीर हळूहळू वाहून नेतं. काळ्या शाईला १०६४ नॅनोमीटर चालतं. हिरवी मात्र दाद देत नाही, तिला रुबी नाहीतर अलेक्झांड्राइट हवा. बऱ्याच बैठकांनंतर नाव पुसट झालं, वेल टवटवीत राहिली. आता मुली बघायला जाताना तो स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतो.

प्रत्येक लेझरचं गिऱ्हाईक ठरलेलं. जन्मखुणेच्या लाल डागाला पल्स्ड डाय, कोडाच्या चट्ट्यांना ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर. नको असलेल्या केसांवरचा लेझर केसांतला काळा रंग शोधतो. आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असल्याने चुकीचा लेझर, चुकीचा जोर पडला तर केस राहतात बाजूला आणि कातडीच भाजते. सावळ्यांना त्यातल्या त्यात लांब लहरींचा एनडी-याग मानवतो.

तेव्हा ऑफरची पाटी पाहून आत शिरलात, तर लेझर कोणता आणि चालवणार कोण, डॉक्टर की काउंटरवरची ताई, एवढं विचारा. उत्तर नुसतं "इम्पोर्टेड आहे" असं आलं, तर चपला घाला आणि निघा.