मंगळावरचे पाहुणे आणि वेस्ट विंडसर

जी घटना घडलीच नाही तिचं स्मारक उभारणारी गावं जगात फारशी नसावीत. वेस्ट विंडसरने ते उभारलंय, आणि तेही चांगलं ब्राँझमध्ये. न्यू जर्सीतल्या या टाउनशिपच्या ग्रोव्हर्स मिल भागात एक जुनं तळं आहे, तळ्याकाठी व्हॅन नेस्ट पार्क आहे आणि पार्कात १९८८ साली बसवलेलं हे शिल्प. त्यावर तीन तंगड्यांचं मंगळावरचं यंत्र आहे, मायक्रोफोनसमोर उभा राहून बोलणारा ऑर्सन वेल्स आहे आणि रेडिओभोवती घाबरून बसलेलं एक कुटुंब आहे. यातलं यंत्र सोडलं तर बाकी सगळं खरं.

३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्रीचे आठ. तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने सीबीएस रेडिओवर एच. जी. वेल्स यांच्या, मंगळवाल्यांच्या पृथ्वीवरच्या स्वारीवरच्या कादंबरीचं नाट्यरूपांतर सादर केलं. मूळ कादंबरी इंग्लंडात घडते. हे मात्र घडायचं होतं न्यू जर्सीत, आणि तेही बातम्यांच्या थाटात. लेखक हॉवर्ड कॉक याने पेट्रोल पंपावरून राज्याचा नकाशा आणला, डोळे मिटले आणि पेन्सिल टेकवली. टोक ग्रोव्हर्स मिलवर पडलं. बोटभर इकडे पडलं असतं तर मंगळवाले दुसऱ्याच कुणाच्या शेतात उतरले असते आणि या तळ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

त्या रात्री ते सगळं खरं समजून अमेरिका रस्त्यावर आली, असं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी छापलं. अभ्यासक आता म्हणतात की वर्तमानपत्रांनी ते चांगलंच फुगवलं होतं. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता, तेव्हा त्याला बेजबाबदार ठरवायची संधी ते कशी सोडतील? पण ग्रोव्हर्स मिलमध्ये काहीतरी झालं असावं. अंधारात उंच पायांवर उभी असलेली पाण्याची टाकी म्हणजेच ते यंत्र, असं समजून कुणीतरी तिच्यावर गोळ्या झाडल्या, असं इथले लोक अजून सांगतात. पुढे सत्तरी ओलांडलेला एक शेतकरी बंदूक सरसावून उभा राहिला आणि त्याचा फोटो देशभर गाजला. अर्थात तो उभा राहिला होता कॅमेऱ्यासाठी. मला तो म्हातारा फार आवडतो. शत्रू आलाच नाही तर नाही, आपल्या बाजूची तयारी तर दिसायला हवी!

माझी लेक या टाउनशिपमध्ये राहते. 'राहता कुठे?' असं तिला कुणी विचारलं की ती 'प्रिन्स्टनला' म्हणते. यात ती एकटी नाही, निम्मं गाव हेच सांगतं. १७९७ साली विंडसर टाउनशिपची दोन शकलं झाली, ईस्ट आणि वेस्ट. तेव्हापासून वेस्ट विंडसर कागदोपत्री ठणठणीत आहे. क्षेत्रफळ सुमारे अडुसष्ट चौरस किलोमीटर, स्वतःचा महापौर, स्वतःचे पोलीस. पण पत्रावर पत्ता येतो प्रिन्स्टनचा नाहीतर प्रिन्स्टन जंक्शनचा. रेल्वे स्टेशन वेस्ट विंडसरमध्ये आणि त्याचं नाव प्रिन्स्टन जंक्शन! तिथून 'डिंकी' नावाची छोटीशी गाडी पाचेक मिनिटांत खऱ्या प्रिन्स्टनला पोचवते. विद्यापीठ, आइनस्टाइन वगैरे वैभव तिकडे. इकडे न्यूयॉर्कच्या नोकरदारांच्या मोटारींचं अफाट वाहनतळ. त्यात जागेचा पास मिळवण्यासाठी करोनापूर्वी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत असायचे. घर घेतल्या घेतल्या पहिला अर्ज पासचा करायचा, मग फर्निचर बघायचं, असा सल्ला लेकीला मिळाला होता.

या गावाला पेठ नाही, पार नाही, चौक नाही. आहेत त्या घरांच्या वसाहती, मधे झाडी, मधे शेतं. फूटपाथ उत्साहात निघतो आणि एखाद्या कुंपणापाशी, का कोण जाणे, संपतो. शनिवारी सकाळी, उन्हाळा असेल तर, स्टेशनच्या वाहनतळावरच शेतकरी बाजार भरतो. जिथे आठवडाभर होंडा आणि टेस्ला उभ्या असतात तिथे टोमॅटो आणि मक्याची कणसं. मंडई म्हणून मला ती पसंत आहे, फक्त भावात घासाघीस करायची नाही, असं मला घरून निघतानाच बजावलं जातं.

लेकीच्या घरामागे मोठं शेत आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ऊर भरून आला. पण त्यात पीक काही दिसेना. नुसतं गवत. मग एके दिवशी कुठूनसा ट्रॅक्टर आला, त्याने ते कापलं, दुसरा आला आणि त्याने त्याचे गोल गोल भारे बांधले. भारे बरेच दिवस तिथेच पडून राहिले. गुरं तर आसपास कुठे नव्हती. 'हे गवत खातं कोण?' मी जावयांना विचारलं. 'घोडेवाले नेतात थोडं,' ते म्हणाले, 'पण बाबा, ते मुख्यतः टॅक्स खातं.'

मग कळली ती गोष्ट अशी. घराजमिनीवरचा कर न्यू जर्सीत अमेरिकेत सगळ्यात चढा. म्हणून १९६४ साली कायदा झाला की जमीन खरोखर शेतीखाली असेल तर कर आकारायचा तो शेतीच्या मोलाने, बिल्डर देईल त्या मोलाने नव्हे. अटी सोप्या. किमान पाच एकर, दोन वर्षं सलग शेती आणि पहिल्या पाच एकरांवर ठरावीक विक्री. ही विक्री पूर्वी वर्षाला पाचशे डॉलर होती, ती आता हजार डॉलर आहे. हजार डॉलर म्हणजे इथल्या एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा वाणसामान आणि हॉटेलचा खर्च! त्यामुळे बिल्डर जमीन विकत घेऊन नकाशे मंजूर होईपर्यंत शेतकरी होतो. बड्या कंपन्या आपल्या कचेऱ्यांभोवती गवत कापून घेतात. कुणी मधमाश्या पाळतो, कुणी सरपण विकतो, कुणी नाताळाची झाडं लावतो. सातबाऱ्यावर नाव चढवायला धडपडणारे आपले नट आणि नेते मला इथे फार परके वाटले नसते.

ही पळवाट आहे, यात शंका नाही. शेजारच्या पाव एकरावर पुरा कर भरणाऱ्या माणसाने चिडावं हेही रास्त. पण मी त्या गवताच्या बाजूचा आहे. कायदा नसता तर त्या जागी केव्हाच चाळीस घरं उभी राहिली असती आणि माझ्या लेकीने 'शांत, जवळजवळ खेडंच' म्हणून हे घर घेतलं नसतं. खोटी का होईना, शेती आहे म्हणून जमीन मोकळी आहे. खऱ्या शेतीने इतकी मोकळी जमीन किती ठिकाणी राखली?

खेड्यातले बाकीचे कलाकार मात्र अस्सल आहेत. हरणं येतात आणि डेकखालच्या वाफ्यातली घेवड्याची रोपं बुडख्यापासून साफ करतात. गवतातून चालून आलं की गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाय वर करून तपासावं लागतं, कारण तिच्यापासून लाइम नावाचा चिवट आजार होतो. आणि कॅनडा गीझ. ही बदकं की हंस, काय ती, कॅनडाला जाणं सोडून कायमची इथेच राहिली आहेत. हिरवळ आयती, तळं आयतं, शिकारी नाही. याबाबतीत आम्ही भारतीयांनी त्यांना नावं ठेवू नयेत.

१९८० साली इथे साडेआठ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत साडेएकोणतीस हजार. त्यात जवळजवळ निम्मी आशियाई वंशाची. संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला निघालं की साडीवर स्नीकर्स घातलेल्या आज्या आणि माकडटोपीतले आजोबा भेटतात. 'आपण कुठले?' 'सदाशिव पेठ.' 'तसं नव्हे हो, इथले?' 'प्लेन्सबोरो.' प्लेन्सबोरो ही शेजारची टाउनशिप, दोन्ही टाउनशिपच्या शाळा एकाच शालेय जिल्ह्यात. २०१५ साली मुलांवरचा ताण कमी करण्यासाठी या शाळांनी हायस्कुलातल्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या. ज्यांनी त्या शाळांसाठी म्हणून इथे घर घेतलं होतं अशा कित्येक आईबापांचा परीक्षा रद्द झाल्यानेच ताण वाढला. माझ्या नातीला मात्र काही वाटलं नाही. तिने तो वेळ बुद्धिबळाच्या शिकवणीला दिला, म्हणजे द्यायला लावला.

२०१८ साली इथले महापौर झाले हेमंत मराठे. म्हणजे पेन्सिलने मंगळवाले बोलावले होते, आले ते मराठे. आडनाव ऐकून आमच्या आजोबामंडळाची छाती इतकी फुगली की जणू अटकेपार झेंडा पुन्हा लागला. प्रत्यक्षात महापौराचा वेळ जातो तो रस्ते, गटारं आणि गोदामं यांत.

गोदामांवरून तर मोठंच रणकंदन झालं. रूट वन महामार्गाजवळ अमेरिकन सायनामिड कंपनीची कीटकनाशकांवर संशोधन करणारी प्रचंड जागा होती, साडेसहाशे एकरांच्या घरात. ती ओस पडल्यावर तिथे हजारो घरं येणार म्हणताच गाव उठलं, कारण शाळा भरून जातील. मग घरांऐवजी गोदामं येणार ठरलं तेव्हा पुन्हा उठलं, कारण ट्रक येतील. त्यासाठी भरलेल्या सभेत प्रत्येकाला बोलायला मोजकी मिनिटं. गावाचं ग्रामीण रूप टिकलं पाहिजे, हे जो उठेल तो म्हणत होता, आणि सर्वांत पोटतिडकीने म्हणत होता तो नुकताच राहायला आलेला.

जावईही बोलणार होते. रात्रभर बसून त्यांनी भाषण टाइप केलं. त्यात 'शेतीची परंपरा' तीनदा आली होती. लेकीने ते वाचलं आणि विचारलं, 'तू स्वतः शेतात शेवटचा कधी गेला होतास?'

'जायला कशाला पाहिजे?' ते म्हणाले. 'रोज बघतो की, डेकवरून!'