सूट द्या, पण कारण लिहून द्या

घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर कोसळलेले होर्डिंग 120 बाय 120 फुटांचे होते. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा 40 बाय 40 फुटांची. म्हणजे लांबी-रुंदी तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. 13 मे 2024 च्या वादळात 17 माणसे त्याखाली गेली. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली होती आणि पालिका म्हणाली, आमची परवानगीच नव्हती. त्याआधी ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्याच्या जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेतला होर्डिंगचा सांगाडा रस्त्यावर पडला आणि चार जणांचा जीव गेला. नऊपट मोठा फलक याच जागी का हवा, या प्रश्नाचे उत्तर घाटकोपरच्या रहिवाशांसमोर कोणीही मांडले नव्हते. शहराच्या पाट्यांचे खरे दुखणे हेच आहे. नियम आहेत, सूटही मिळते, पण सुटीचे कारण कुठे वाचायला मिळत नाही.

सूट देण्याला माझा विरोध नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांकडे तोंड असते, त्याला दोन पाट्या लागतात. खोल ओसरीतला दवाखाना रस्त्यावरून दिसत नाही, रात्री रुग्णाला घेऊन आलेल्या माणसाला तो सापडला पाहिजे. एकच माप सगळ्या इमारतींवर लादले तर अन्याय होणारच. पण ही कारणे इमारतीची आहेत, जागेची आहेत. जाहिरातीचे भाडे जास्त मिळते हे कारण त्यांच्या रांगेत बसत नाही.

पाट्यांचे काम नीट कसे करायचे, हे मुंबईनेच दाखवून दिले आहे. फोर्टमधला दादाभाई नौरोजी रस्ता पाहा. 1896 च्या नियमाने तिथे प्रत्येक इमारतीखाली पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी सक्तीची झाली. वरच्या मजल्यांची शैली मालकाच्या आवडीची, खालची ओसरी मात्र सलग. शंभर वर्षांनी त्याच कमानी पाट्यांखाली गाडल्या गेल्या होत्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस एमएमआरडीएच्या वारसा संवर्धन सोसायटीच्या मदतीने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी रस्त्याची पाहणी केली आणि मार्गदर्शिका तयार केली. शिंपी अंगाचे माप घेतो तसे तिथे इमारतींचे माप घेतले गेले. नक्षी झाकू नका, पाटी कमानीच्या चौकटीत बसवा, हे त्या मार्गदर्शिकेचे सूत्र. दुकानदारांशी बोलणी झाली आणि अनेकांनी पाट्या उतरवून नव्याने लावल्या. 2004 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांनी या कामाची दखल घेतली. नियमच इमारतीच्या मापाचा असला की सूट मागायला येणारेही कमी होतात, हा त्या रस्त्याचा धडा आहे.

हा धडा वारसा यादीच्या बाहेर पोहोचलेलाच नाही. वारसा इमारतींवरचे फलक वारसा संवर्धन समितीसमोर जातात. साध्या रस्त्यावर मात्र मोजपट्टी, शुल्क आणि परवाना एवढेच पाहिले जाते. खिडक्या झाकल्या का, जिन्यात अंधार झाला का, वरच्या मजल्यावरच्या घरात रात्रभर एलईडीचा उजेड शिरतो का, हे विचारणे कोणाचेच काम नाही. दादर, ठाणे, डोंबिवलीच्या बाजारपेठांत पहिल्या मजल्यापर्यंत चढलेल्या फलकांमागे माणसे राहतात. त्यांना विचारल्याशिवाय कोणताही मोठा फलक मंजूर होता कामा नये.

मराठी पाट्यांचा मुद्दाही इथेच सरळ करून टाकू. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षर इतर भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नको, अशी अट आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी नाव घ्यायचे म्हणून पाटी वाढवावी लागते, तेव्हा मापात सूट द्या, असे सांगणाऱ्या दुकानदाराचे म्हणणे ऐकूच नये. त्याच पाटीवरचे इंग्रजी अक्षर लहान करा आणि मोकळ्या झालेल्या जागेत मराठी लिहा. कायदाही पाळला जातो, इमारतही झाकली जात नाही. मराठीचा आग्रह मीही धरतो, आणि म्हणूनच तिच्या नावाखाली कोणी कमान बुजवलेली मला चालणार नाही.

आता मागण्या. एक, मापात दिलेल्या प्रत्येक सुटीची नोंद वॉर्ड ऑफिसच्या फलकावर आणि पालिकेच्या संकेतस्थळावर लागावी. फोटो, माप, कारण आणि सही करणाऱ्याचे पद, सगळे त्यात असावे. दोन, सूट त्या पाटीपुरतीच राहावी. दुकान बदलले, पाटी बदलली की सूट संपली. तीन, रेल्वे, पोलीस, बंदर, म्हाडा, जमीन कोणाचीही असो, शहरातल्या रस्त्यावर झुकणाऱ्या फलकाला शहराचाच नियम लागू व्हावा. वारा सातबारा पाहून वाहत नाही.

यातल्या पहिल्या मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 सालचा आहे. सवलती, परवाने आणि परवानग्या कोणाला दिल्या याचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करा, असे त्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला सांगते. आयुक्तांनी आदेश काढावा आणि वॉर्ड ऑफिसांनी यादी लावावी. ज्या सुटीचे कारण त्या यादीत लिहायला अधिकारी धजावणार नाही, ती सूट त्याने देऊच नये.