तीन खेळ, एक मनगट

"काय गं, पहाटे पाचला सायकल घेऊन कुठे निघतेस? आमचे हे म्हणाले, दुधाचा रतीब घालायला लागली की काय!"

"नाही हो काकू. शिरढोणपर्यंत जाते, पायांत दम असला तर पुढे कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत. गोव्याची ट्रायथलॉन करायचीय."

"म्हणजे तो मिलिंद सोमण करतो ते?"

"त्याची दुप्पट होती, पूर्ण आयर्नमॅन. २०१५ साली झ्युरिचला, पन्नाशीच्या तोंडावर, १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. मी अर्धीच करणार. २०१९ पासून गोव्यात होते ती. मिरामारला समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची आणि २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत."

"आणि जेवायचं कधी?"

"सायकलवर."

काकूंनी कपाळाला हात लावला. मग भिंतीवरून वाकून माझं मनगट बघितलं. "आणि हे वाटीएवढं काय बांधलंयस?"

"त्यासाठीचं घड्याळ. माझं नाही, मैत्रिणीचं आणलंय दोन दिवस. घ्यायच्या आधी बघतेय."

"बघ बाई नीट. कोपऱ्यावरच्या साहेबांनी ॲपलचं अल्ट्रा घेतलं म्हणे. ८९,९०० रुपये! त्यांची बायकोच सांगत होती, भाजीवाल्यासमोर."

"घड्याळात काही खोट नाही काकू. त्यात तिन्ही खेळ येतात. पण साहेबांना पोहता येतं का?"

"कुठलं! वडाळे तलावाच्या काठाने दोन फेऱ्या मारतात आणि बाकावर बसून घड्याळाकडे बघतात."

"मग त्यांना साधं पावलं मोजणारंही पुरलं असतं. मला मात्र तिन्ही खेळ एका दमात मोजणारं हवंय. पाण्यातून बाहेर आले की एक बटण, सायकलवर बसले की दुसऱ्यांदा, धावायला लागले की पुन्हा. मधे कपडे-बूट बदलायला लागतो तो वेळही शर्यतीत धरतात, तोही वेगळा दिसायला हवा. ह्याला मल्टिस्पोर्ट मोड म्हणतात. खरी मेख इथेच आहे. गार्मिनची फोररनर १६५ आणि २६५ दिसायला सख्ख्या बहिणी. पोहणं, सायकल, धावणं दोन्हींत आहे, पण तिन्ही सलग मोजायची सोय १६५ मध्ये नाही, २६५ मध्ये आहे. खोक्यावरची खेळांची चित्रं बघून घेतलं की फसलो."

"आणि पाण्यात बिघडत नाही?"

"५ एटीएम लिहिलेलं असलं की पोहायला चालतं. पन्नास मीटर म्हणतात ते स्थिर पाण्याच्या दाबाचं माप आहे, तेवढ्या खोल बुडी मारायची परवानगी नव्हे. आणि तरणतलावात घड्याळ उपग्रहाला विचारतच नाही. आधी तलावाची लांबी सांगायची, २५ मीटर की ५०. मग हाताच्या हालचालीवरून आणि भिंतीशी वळण्यावरून ते फेऱ्या मोजतं. फळी धरून नुसते पाय मारले तर हात हलत नाही, फेरी गायब. मधेच थांबून गप्पा मारल्या तरी घोळ."

"म्हणजे माझ्या कामाचं नाही!"

"समुद्रात आणखी तऱ्हा. उपग्रहाचा संदेश पाण्याखाली पोचत नाही. हात वर आला की तेवढ्यात घड्याळ जागा टिपतं आणि मधलं अंतर अंदाजाने जोडतं. छातीवरच्या पट्ट्याचा सिग्नलही पाण्यातून मनगटाकडे जात नाही. काही पट्टे ठोके स्वतःपाशी साठवतात आणि बाहेर आल्यावर घड्याळाला देतात, तसाच बघून घ्यावा."

"पण घड्याळालाच हिरवा दिवा आहे की ठोके मोजायला. आमच्या नातवाने दोन हजारांचं आणलंय, त्यालाही आहे. परवा त्याने ते पडवळाला बांधलं, तर पडवळाचे ठोके सत्तर!"

मी हसून हसून भिंतीला टेकले. "बरोबर आहे. तो दिवा कातडीतून रक्ताची ये-जा बघतो. पट्टा सैल असला, हात हादरला, पाणी मधे शिरलं की चुकतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर सायकल चालवताना तर फारच."

"मग एक्स्प्रेसवेने जा की. कळंबोलीपासून कसा गुळगुळीत आहे."

"सायकलला बंदी आहे तिथे. अटल सेतूवरसुद्धा. आपल्याला जुना मुंबई-पुणे रस्ताच, खोपोलीकडे. तिथून बोरघाट चढायचा तर हवेच्या दाबावरून उंची मोजणारं घड्याळ बरं, चढ किती झाला ते नीट कळतं."

"बॅटरी टिकते का गं? नाहीतर घाटात बंद!"

"त्यात दोन आकडे असतात. 'चौदा दिवस चालतं' हा नुसता मनगटावर असतानाचा. जीपीएस चालू ठेवून किती तास, तो खरा. नकाशा, गाणी लावली की तोही घटतो. मला साडेआठ तास हवेत, म्हणजे खोक्यावर निदान सोळा-सतरा असावेत. पूर्ण आयर्नमॅन करणाऱ्याला सहसा सतरा तास मिळतात, त्याने त्याच्याही दुप्पट बघावेत."

"आणि ही बटणं? हल्ली सगळं बोटाने सरकवायचं ना?"

"ओलं बोट पडद्याला कळत नाही. पनवेलच्या जुलैत, घामाच्या हाताने, समुद्रातून बाहेर येताना बटणच हवं. आणि आकारही बघायचा. २६५ चं ४६ मिलिमीटरचं हे माझ्या मनगटावर वाटीच दिसतंय. त्याचीच ४२ मिलिमीटरची धाकटी येते, ती घेईन. रात्री झोपतानाही हातात राहिलं पाहिजे, नाहीतर विश्रांती कशी झाली ते सांगणार कोण?"

काकूंनी कढीपत्त्याची डहाळी हातात दिली आणि निकाल लावला, "म्हणजे हिशेब सोपा आहे. आधी शर्यत ठरवायची, मग घड्याळ. बटणं, जीपीएसचे तास आणि तिन्ही खेळ सलग, एवढं असलं की मागच्या वर्षीचं मॉडेल स्वस्तात घ्यायचं. उरलेल्या पैशात छातीचा पट्टा आणि पोहणं शिकवणारा. साहेबांना हे सांगायला हवं होतं. त्यांचं घड्याळ त्यांच्याआधी पोहायला शिकलंय."